चहा तेवढाच, मग छातीत का धडधडतं?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४७, एसटीत चालक आहे. वीस वर्षं दिवसाला पंधरा सिगारेटी ओढत होतो. पहिली सकाळी उठल्या उठल्या, संडासला जायच्या आधी. गेल्या गुरुवारी साप्ताहिक सुट्टी होती, त्या दिवसापासून बंद केली. आज पाचवा दिवस. डेपोतले लोक सांगतात की निकोटिन तीन दिवसांत अंगातून निघून जातं, मग काही त्रास राहत नाही. पण काल मलकापूर स्टँडवर गाडी लावली आणि अशी तलफ आली की हात थरथरायला लागले. चहा घेतला की छातीत धडधडतं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. चहा पूर्वीइतकाच पितो, सहा-सात कप, एकही जास्त नाही. पोट साफ होत नाही. खोकला कमी व्हायचा तो वाढला. घरात सगळ्यांवर खेकसतो. बायको म्हणते, "ओढत होता तेच बरं होतं, निदान घरात शांतता होती." सिगारेट सोडून तब्येत बिघडते का? आणि एक साधी शंका : बोटांवरचे, नखांवरचे पिवळे डाग कधी जातील?
— एक चालक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पत्रातलं चहाचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. सिगारेट सोडलेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुधा हीच तक्रार घेऊन. झोप नाही, घाबरल्यासारखं होतं, छाती धडधडते. त्यांचा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो : "डॉक्टर, मला सोडणं सोसत नाही." चहाकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण चहा तोच आणि तेवढाच असतो. बदललेलं असतं ते यकृत.

चहा-कॉफीतलं कॅफीन मोडून शरीराबाहेर काढण्याचं काम यकृतातलं एक विकर करतं. त्याचं शास्त्रीय नाव सीवायपी१ए२. तंबाखू जळताना धुरात जी डांबरासारखी संयुगं तयार होतात, ती या विकराचं प्रमाण वाढवतात. रोज सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफीन इतरांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने निघून जातं. म्हणजे वीस वर्षं तुम्ही सहा-सात कप चहा पचवत होतात तो धुराच्या जोरावर. गुरुवारी धूर थांबला. पुढच्या तीन-चार दिवसांत ते विकर आपल्या मूळ पातळीकडे उतरलं, आणि आता त्याच सहा कपांचं कॅफीन तुमच्या रक्तात पूर्वीच्या दुपटीने साचतंय. अंगाला ते दहा-बारा कपांसारखं लागतंय. धडधड, हातांची थरथर, रात्रीचं टक्क जागेपण, उगाचची चिडचिड, यातलं बरंचसं चहाचं आहे आणि बोल लागतोय सिगारेट सोडण्याला.

तेव्हा आजपासून चहा निम्म्यावर आणा. एकदम बंद करू नका, नाहीतर कॅफीन तुटल्याची डोकेदुखी सुरू होईल आणि तिचाही दोष सिगारेट सोडण्याच्या माथी जाईल. तीन कप, तेही दुपारी चारच्या आत. दोन-तीन रात्रींत झोपेत फरक पडलेला तुम्हाला स्वतःला कळेल. दरम्यान झोप झाली नसेल त्या दिवशी मलकापूरच्या पुढची आंबा घाटाची फेरी घेऊ नका. डेपोत खरं कारण सांगून दोन दिवस रजा मागा किंवा जवळची ड्यूटी मागा. मागे चाळीस-पन्नास माणसं बसलेली असतात, यात संकोच नको.

दोन गोष्टी मात्र चहाच्या पलीकडच्या आहेत. छातीत दाब किंवा कळ, ती डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, दरदरून घाम, दम लागणं, यातलं काही झालं तर गाडी बाजूला घेऊन थेट रुग्णालय गाठा. वीस वर्षं सिगारेट ओढलेल्या ४७ वर्षांच्या माणसाने हृदय एकदा तपासून घ्यावंच. दुसरं, धुराचा हा परिणाम काही औषधांवरही होतो. दम्यासाठी डेरिफायलीनसारख्या गोळ्या चालू असतील तर त्यातलं थिओफिलीनही याच विकराने मोडतं. मानसिक आजारावरच्या क्लोझापीन आणि ओलान्झापीन या औषधांचंही तसंच. अशी औषधं घेणाऱ्याने सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगायला हवं, कारण मात्रा कमी करावी लागू शकते. तुम्ही औषधांचा उल्लेख केलेला नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला ते लागू असेल.

आता डेपोतल्या तीन दिवसांच्या हिशेबाकडे येतो. तो हिशेब खोटा नाही. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, त्यामुळे दीड दिवसात ते जवळपास संपतं. शरीरात त्याचं जे रूपांतर होतं, त्याचा मागमूसही आठवडाभरात राहत नाही. चूक आहे ती पुढच्या अर्ध्या वाक्यात. निकोटिन गेलं म्हणजे त्याने मेंदूत केलेली व्यवस्थाही गेली, असं होत नाही.

सिगारेटचा झुरका घेतल्यावर निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. शिरेतून टोचलेल्या इंजेक्शनलाही याहून जास्त वेळ लागतो. तिथे मज्जापेशींवर ज्या ग्राहींना ते चिकटतं, त्या रोजच्या माऱ्याने संख्येने वाढत जातात. घरात खाणारी तोंडं वाढावीत तसं. गुरुवारी तुम्ही शिधा बंद केलात, पण तोंडं तेवढीच आहेत आणि ती ओरडतायत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा ओरडा सर्वांत मोठा असतो. त्या ग्राही पूर्वपदावर यायला काही आठवडे जातात, म्हणून चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष न लागणं हे सगळं दोन ते चार आठवडे उतरत्या क्रमाने चालतं. पाचवा दिवस म्हणजे सर्वांत अवघड चढ तुम्ही मागे टाकलात. इथून परत फिरलात तर तोच चढ पुन्हा पहिल्यापासून चढावा लागेल.

मलकापूर स्टँडवर जे झालं ते मात्र थोडं वेगळं आहे. एका सिगारेटचे साधारण दहा झुरके धरले तर दिवसाला दीडशे, आणि वीस वर्षांत जवळजवळ ११ लाख वेळा तुमचा हात तोंडाकडे गेला. एवढ्या वेळा केलेली गोष्ट हाताच्या, जागेच्या आणि वेळेच्या आठवणीत राहते. गाडी फलाटाला लागते, हँडब्रेक ओढला जातो, इंजिन बंद होतं. त्या अचानकच्या शांततेत उजवा हात शर्टाच्या खिशाकडे जातो. खिशात पाकीट नाही हे तुम्हाला माहीत असतं, हाताला नसतं. पाच पावलांवर टपरी, तिच्या खांबाला दोरीने लटकवलेला लायटर, आणि वाफाळता अर्धा कप. घाटाच्या आधी ओढायची, घाट उतरून साखरप्याला पुन्हा ओढायची, हे इतकी वर्षं पक्कं झालेलं आहे. रक्तात निकोटिनचा थेंब नसला तरी ती जागा तलफ जागी करते. म्हणून सहा महिन्यांनीसुद्धा एखाद्या लग्नात, एखाद्या मयतीच्या वेळी ती अवचित येईल. त्या वेळी आपलं काही चुकलं असं समजू नका.

तलफ हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे. भूक टिकते, तहान टिकते. तलफ उसळते आणि बसते. घड्याळ लावून पाहा. बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटांत तिचा जोर ओसरतो, आणि तुम्ही सिगारेट ओढली की नाही याच्याशी त्या ओसरण्याचा संबंध नसतो. तेवढी मिनिटं काढायची आहेत. तुमच्या कामात ते जमण्यासारखं आहे. मलकापूरला गाडीतून उतरलात की टपरीच्या उलट दिशेने चालायला लागा. टायरवर हात मारत गाडीभोवती एक फेरी घाला, तोंडावर पाणी मारा. महिनाभर टपरीवरचा चहाच नको. वाहकाला सांगून कप गाडीत मागवा, नाहीतर ताक घ्या. चहा आणि सिगारेट ही जोडी इतकी जुनी असते की एक हातात आलं की दुसऱ्याची आठवण होणारच. खिशात पाकिटाच्या जागी बडीशेप, लवंग किंवा भाजलेले चणे ठेवा, म्हणजे खिशाकडे गेलेला हात रिकामा परतणार नाही.

इथे एक धोका आपल्या भागात फार मोठा आहे. सिगारेट सुटावी म्हणून शेजारचा चालक मोठ्या मायेने चुना लावून मळलेली चिमूट पुढे करतो. कुणी माव्याची पुडी देतो. घेऊ नका. महाराष्ट्रात धूर ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू चघळणारे कितीतरी जास्त आहेत, आणि तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आम्ही पाहतो ते बहुतेक यातूनच येतात. तंबाखू नसलेली साधी सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवून ठेवलंय. धूर सोडून चिमूट धरणारे रुग्ण मी इतके पाहिलेत की इथे माझा स्वर थोडा कडक झाला असेल तर समजून घ्या.

आणि एकच झुरका. ही गोष्ट मी प्रत्येकाला हात धरून सांगतो. कुणाच्याही आधाराशिवाय, नुसत्या मनाच्या बळावर सिगारेट सोडणाऱ्या शंभर जणांपैकी वर्षभराने तीन ते पाच जण टिकलेले असतात, आणि ढळलेल्यांपैकी बहुतेक पहिल्या आठ दिवसांतच ढळलेले असतात. ते पाकीट विकत घेऊन ढळत नाहीत. "एवढी एक, मग नाही" असं म्हणून सुट्टी सिगारेट घेतात. पाकीट घ्यायला निदान निश्चय मोडावा लागतो, सुट्टीला खिशातली चिल्लर पुरते. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने सुट्ट्या सिगारेटी-विड्या विकण्यावर बंदी घातली ती मला योग्य वाटते, आणि टपऱ्यांवर ती पाळली जात नाही याचं मनापासून वाईट वाटतं. त्या एका झुरक्याने मेंदूतली ती सगळी तोंडं पुन्हा जागी होतात. समजा झालीच चूक, तर उरलेली सिगारेट तिथेच चिरडा. "आता मोडलंच" म्हणून संध्याकाळपर्यंत ओढत राहू नका.

शंभरात तीन ते पाच हा आकडा तुम्हाला घाबरवण्यासाठी दिलेला नाही. तो एकट्याने लढणाऱ्यांचा आहे, आणि तुम्हाला एकट्याने लढायचं कारण नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागते तो माणूस निकोटिनला पक्का बांधलेला असतो. तुम्ही तर उठल्या उठल्या ओढत होतात. अशा वेळी निकोटिनचं च्युइंगगम किंवा त्वचेवर लावायची पट्टी घेण्यात कमीपणा नाही. धुरातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टाळून, मेंदूला थोडं निकोटिन हळूहळू द्यायचं आणि ते आठ-बारा आठवड्यांत उतरवत न्यायचं, एवढंच ते काम. त्याने यश मिळण्याची शक्यता साधारण दीडपट होते. पट्टी आणि गम दोन्ही मिळून आणखी बरं. गम निघालं तेच माणसांच्या अडचणीतून. १९६७ च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंड इथल्या दोन संशोधकांनी पाहिलं की पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही तेव्हा नौसैनिक तोंडात तंबाखू धरून भागवतात. हे त्यांनी औषध कंपनीत काम करणाऱ्या ओव्ह फेर्नो या रसायनतज्ज्ञ मित्राला कळवलं, आणि त्याने त्यावरून गम तयार केलं.

हे गम साध्या च्युइंगगमसारखं चघळलं तर उपयोग होत नाही. निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळतं, आणि माणूस म्हणतो "गम काही कामाचं नाही." हळू चावायचं. जिभेला झिणझिण लागली की थांबून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं. झिणझिण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. असं अर्धा तास. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत काही नको, कारण तोंड आंबट झालं की निकोटिन गालातून शोषलं जात नाही. ते दोन आणि चार मिलिग्रॅममध्ये येतं. तुम्हाला बहुधा चार लागेल, पण आधी हृदय तपासून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही गुणकारी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. मात्र त्यांनी काहींना गरगरतं, आणि फिट्स येणाऱ्याला ब्युप्रोपिऑन चालत नाही, तेव्हा आपण गाडी चालवतो हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची मोफत सेवा आहे : १८००-११-२३५६. सिगारेटच्या पाकिटावर हा नंबर २०१८ पासून छापलेला असतो. तिथे मराठीत बोलता येतं, आणि पलीकडचा माणूस तुम्हाला पुढचे काही दिवस स्वतःहून फोन करून विचारपूस करतो.

पोटाचं थोडक्यात. निकोटिन आतड्यांना ढकलत असतं. "सिगारेटशिवाय होत नाही" हे म्हणणारे सगळे खरंच सांगत असतात. ती ढकल गेली की आतडी काही आठवडे आळसावतात. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, दहा मिनिटं चालणं, जेवणात पालेभाजी, पेरू, आणि रात्री ईसबगोल एवढ्यावर भागतं. पहिल्या दोन आठवड्यांत तोंड आलं तरी घाबरू नका, तेही बऱ्याच जणांना होतं आणि आपोआप बरं होतं. भूक वाढेल. वर्षभरात चार-पाच किलो वजन सरासरीने वाढतं. ते पुढे उतरवता येतं.

खोकला वाढला हे तर चांगलं लक्षण असण्याचीच शक्यता जास्त. श्वासनलिकेच्या अस्तरावर बारीक केसासारखे तंतू असतात. ते सतत हलून कफ आणि धूळ वर लोटत राहतात. सिगारेटच्या धुराने ते लुळे पडतात. आता ते पुन्हा हलायला लागलेत आणि साचलेलं बाहेर काढतायत. दोन आठवड्यांत कमी झालं नाही, कफात रक्त दिसलं, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट असली, तर मात्र सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, एक्स-रे काढा. सिगारेट ओढणाऱ्यांना क्षयरोगाचा धोका जास्त असतो, आणि ती तपासणी मोफत आहे.

वहिनींना दोन शब्द. तुमचं म्हणणं मला समजतं. या आठवड्यात घरात वावरणारा माणूस तुमचा नेहमीचा माणूस नाही. पण पूर्वीची जी शांतता आठवते ती सिगारेटने दिलेली नव्हती. दर वेळी निकोटिन उतरलं की अस्वस्थता यायची आणि पुढची सिगारेट ती तात्पुरती मिटवायची. महिन्या-दोन महिन्यांनी सिगारेट सोडलेल्यांची मनःस्थिती ओढत असतानापेक्षा चांगली असते, असं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. तोवर "ओढली का आज?" असं विचारू नका, खिसे तपासू नका. घरातला चहा तुम्हीच अर्धा कप करा. एवढी मदत फार मोठी आहे.

तब्येत बिघडते का, या तुमच्या मूळ प्रश्नाला ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचं उत्तर देतो. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये तिथल्या हजारो डॉक्टरांच्याच सवयी नोंदवायला घेतल्या आणि पन्नास वर्षं त्यांचा माग ठेवला गेला. २००४ मध्ये निष्कर्ष आला : सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठाव्या वर्षाच्या सुमारास सोडणाऱ्याने तीन वर्षं वाचवली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याने सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याने नऊ. तुम्ही ४७ चे आहात, हिशेब तुम्हीच करा. डॉल स्वतः सिगारेट ओढत होते. याआधीच्या एका अभ्यासाचे पहिले आकडे हाती येताच त्यांनी ती सोडली, आणि ते ९२ वर्षं जगले.

राहिली डागांची शंका. कातडीवरचा पिवळेपणा काही आठवड्यांत जाईल, कातडी नवी येत राहते. नखाचं वेगळं आहे. रंगलेलं नख उजळत नाही, ते पुढे सरकतं. माझ्याकडे येणाऱ्या एका सुताराने मला त्याच्या तर्जनीचं नख दाखवलं होतं : टोकाकडे तपकिरी-पिवळं, मुळाकडे कोवळं गुलाबी, आणि मध्ये पट्टीने आखावी तशी सरळ रेषा. त्या रेषेवरून त्याने सिगारेट कधी सोडली ते मला सांगता आलं. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. तुमच्या नखाच्या मुळाशी आज काही दिसणार नाही. आणखी पंधरा-वीस दिवसांनी उजेडात धरून पाहा, गुलाबी कडा दिसेल. पिवळा भाग पूर्ण कापला जायला पाच-सहा महिने लागतील.